चौदा दिवसांत कळवावे

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. आमच्या ऑफिसात काम संपलं की फाइल कपाटात जाते आणि किस्सा माझ्या डोक्यात राहतो. कपाट दर काही वर्षांनी रिकामं करतात. डोक्याची तशी सोय नाही. परवा डेंटिस्टकडे तोंड वासून पडले होते, तोंडात दोन नळ्या. तो ड्रिल हातात धरून म्हणतो, ‘बरं झालं भेटलात. आमच्या शेजाऱ्याने नोटीस पाठवलीय. काय करू?’

मी काय बोलणार? ‘आ’ म्हणाले. त्याने ते लिहूनसुद्धा घेतलं असेल.

मी लंडनच्या क्रॉयडनला पार्टी वॉल सर्व्हेयर आहे. पार्टीवरून जोक सुचला असेल तर कृपा करून गिळा. माझ्या सासऱ्यांनी तो मरेपर्यंत केला, आता दीर करतो.

काम साधं आहे. इथे घरं एकमेकांना चिकटलेली, मधली भिंत दोघांची. एकाला किचन वाढवायचं असेल, लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, खोली काढायची असेल, त्यासाठी भिंतीत लोखंडी बीम घुसवायचा असेल, तर आधी शेजाऱ्याला रीतसर नोटीस द्यायची. शेजाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, हरकत नाही, किंवा असहमत. असहमत म्हटलं तर सर्व्हेयर नेमायचा. तो येतो, भिंतीचे फोटो काढतो, काम कसं आणि कधी करायचं ते लिहून देतो. असहमतीने काम बंद पडत नाही, शिस्तीत होतं एवढंच. आणि उत्तरच दिलं नाही, तर कायदा धरून चालतो की तुम्ही असहमत आहात.

संपलं. एवढंच आहे. आणि हे एवढंच मी बावीस वर्षं समजावते आहे!

*

हाउन्सलोचे सावंत काका. विमानतळावर कार्गोमध्ये नोकरी केली, आता रिटायर्ड. शेजारी कीथ नावाचा इलेक्ट्रिशियन. सव्वीस वर्षांचा शेजार. एका रविवारी सकाळी काकांचा फोन.

‘तू ताबडतोब ये. कीथने मला नोटीस दिली!’

‘काका, ती नुसती...’

‘सव्वीस वर्षं ह्याला दिवाळीचा फराळ देतोय मी. चकली, अनारसे! आणि हा मला कायदा दाखवतो?’

मागून त्यांच्या मुलीचा, रियाचा आवाज आला. रिया इथेच जन्मलेली, शाळेत शिकवते. ‘बाबा, हा नोटीस वाईट नाहीये. तो फक्त विचारतोय.’

‘ही नोटीस!’ काका गरजले. एवढ्या संतापातही व्याकरण सुटलं नाही.

मी पाऊण तास समजावलं. कायद्यानेच द्यावी लागते, कीथचा काही राग नाही, फॉर्मवर एक खूण करायची आणि सही करायची. काका ‘बरं’ म्हणाले. मला वाटलं, मिटलं.

बाराव्या दिवशी काकांनी उत्तर दिलं. आठ पानी. पहिल्या दोन पानांत कीथचं मांजर आणि आमच्या काकांचा मेथीचा वाफा. तिसऱ्या पानावर, कीथच्या आईच्या फ्युनरलला आपण शिफ्ट बदलून कसे गेलो होतो. सातव्या पानावर अनारसे कसे करतात, तांदूळ किती दिवस भिजवावे लागतात, आणि हे सगळं माणूस शेजाऱ्यासाठी का करतो. भिंतीचं नाव कुठेच नाही.

कीथचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोन ओळी.

‘डिअर मिस्टर सावंत, मांजराबद्दल सॉरी. म्हणजे हो समजू का?’

*

काम सुरू व्हायच्या आधी शेजारच्या घरातला प्रत्येक तडा नोंदवून ठेवतो आम्ही. उद्या कोणी म्हणायला नको की हा तुमच्या ड्रिलमुळे पडला. तडा कुठे, केवढा, कशामुळे असेल. दिवसभर भिंतीला नाक लावून फिरायचं. माझी मान गेली ती ह्यानेच.

मिसेस पेटन नावाच्या बाईंच्या घरी गेले होते. ऐंशी पार केलेल्या, एकट्या. मी तडा बघायची आणि त्या मागे उभ्या राहून माहिती पुरवायच्या.

‘हा हॅरल्डने दार आपटलं तेव्हाचा.’

हॅरल्ड म्हणजे त्यांचा नवरा. वारून बरीच वर्षं झालेली.

‘आणि हा?’

‘तोही हॅरल्ड.’

जिन्यात एक तडा होता, चांगला हातभर लांब. मी म्हटलं, ‘हाही त्यांचाच?’

‘नाही. हा मी. इस्त्री फेकली होती.’

मी पेन थांबवलं. ‘फॉर्मवर कारण लिहावं लागतं. काय लिहू?’

‘एरवी काय लिहितेस?’

‘बहुतेक वेळा सेटलमेंट. म्हणजे घर हळूहळू जमिनीत बसतं, त्याने पडतात असे तडे.’

बाईंनी जिन्यावरून खालपासून वरपर्यंत एकदा नजर फिरवली.

‘सगळ्यांना तेच लिही, डिअर. आमचंही शेवटी सेटलमेंटच झालं.’

*

आमचा बॉस ग्रॅहम. प्रत्येक क्लायंटला त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे, ‘नोटीस म्हणजे टेकअवेचा मेनू नाही, मायक्रोवेव्हच्या मागे खोचून ठेवायला!’ हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते.

गेल्या हिवाळ्यात ग्रॅहमच्या स्वतःच्या शेजाऱ्याने त्याला नोटीस दिली. ग्रॅहमने ती मायक्रोवेव्हच्या मागे खोचली.

चौदा दिवस गेले. शेजाऱ्याच्या सर्व्हेयरने पुढचं पत्र धाडलं, दहा दिवसांत तुमचा सर्व्हेयर नेमा, नाहीतर आम्ही नेमू. ते आलं आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर. आमचं टपाल पोलीन उघडते. पोलीन ग्रॅहमच्याही आधीपासून ऑफिसात आहे आणि कोणाला भीत नाही. तिने शांतपणे नवी फाइल उघडली, पत्र लावलं आणि ग्रॅहमच्या ट्रेमध्ये ठेवलं. वर पिवळी चिठ्ठी.

‘क्लायंट लक्ष देत नाही. नेहमीचाच प्रकार. फोन करून झापावे.’

*

उलट टोकाला डॉक्टर मेश्राम. मूळचे नागपूरचे, लीड्सला हॉस्पिटलमध्ये बत्तीस वर्षं भूलतज्ज्ञ होते. रिटायर झाल्यावर तिथल्या बौद्ध मंडळींच्या मुलांना रविवारी शिकवतात. त्यांच्या शेजारी टॉम आणि एली हे तरुण जोडपं. एलीला सहावा महिना, मागे एक खोली वाढवायची घाई. त्यांनी इंटरनेटवरून फॉर्म उतरवला, भरला आणि डॉक्टरांना दिला.

डॉक्टरांनी आधी कायदा वाचला. सगळा. मग मला फोन केला, एका ओळखीतून नंबर मिळाला म्हणून.

‘मॅडम, नोटिशीवर टॉमचं एकट्याचंच नाव आहे. घर दोघांच्या नावावर आहे. बायको कुठे गेली?’

मुद्दा बरोबर होता. डॉक्टरांनी पेन्सिलने दुरुस्ती करून नोटीस परत केली. दुसऱ्यांदा आली तर काम कधी सुरू होणार ती तारीख नाही. परत केली. तिसऱ्यांदा आली तर पाया किती खोल खणणार त्याचं ड्रॉइंग नाही. परत केली.

चौथ्या वेळी एली स्वतः आली आणि दारातच रडायला लागली. ‘तुम्हाला नकोच असेल तर सरळ सांगा ना!’

डॉक्टर घाबरले. मेश्राम काकूंनी तिला आत नेलं, बसवलं, उपमा दिला. आणि डॉक्टरांनी कागद घेऊन अख्खी नोटीस स्वतःच्या हाताने लिहून काढली. स्वतःच्याच नावे! एलीने सही केली, टॉमला बोलावून त्याची घेतली, आणि तिथल्या तिथे डॉक्टरांच्या हातात दिली.

‘आता हो म्हणा,’ एली म्हणाली.

‘होच आहे, बेटा. तू खुशाल बिल्डर बघ. पण सही शेवटच्या दिवशी.’

आणि खरंच चौदाव्या दिवशी दिली. मला कळवायला फोन केला तेव्हा मी जरा वैतागूनच म्हटलं, ‘डॉक्टर, हो म्हणायचंच होतं तर पहिल्याच दिवशी सही करायची ना!’

‘मॅडम, माझ्या आजोबांच्या घराला लागून पाटलाने गोठा बांधला. एका रात्रीत. तुमची काही हरकत आहे का, असं त्यांना जन्मात कोणी विचारलं नाही. मला एका माणसाने लेखी विचारलं, आणि कायद्याने विचार करायला चौदा दिवस दिले. मी ते पुरवून पुरवून वापरले.’

*

माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता. बांधकामाच्याच धंद्यात आहे. मी काय करते हे त्याला जेवताना नीट समजावून सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग भाताचा घास हातातच धरून विचारलं,

‘म्हणजे भिंत फोडायच्या आधी सांगायचं? मग तो नाही म्हणणार नाही का?’

*

सुजाता सांगलीची. क्रॉयडनला आमच्याच बाजूला राहते, नर्स आहे, पाठोपाठ नाइट ड्यूट्या. घरी येऊन दिवसा झोपते. शेजाऱ्यांची नोटीस आली तेव्हा ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. डोळे लाल.

‘ताई, हे हो, हे नाही, हे कळलं. ह्यात झोपेसाठी कुठला बॉक्स आहे?’

बावीस वर्षांत इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, ‘असहमतवर खूण कर, बाकी मी बघते.’

दोन्ही बाजूंनी मलाच नेमलं. मी कागदावर स्पष्ट लिहिलं की सुजाता रात्रपाळी करून आली असेल त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ड्रिल, हातोडा, काही नाही. तिने महिन्याची ड्यूटीची यादी दिली, ती बिल्डरच्या माणसाने, डॅरनने, व्हॅनमध्ये चिकटवली. डॅरन सज्जन माणूस. सांगितलेलं मन लावून ऐकणारा. अशांची मला जास्त भीती वाटते.

पहिल्या दिवशी सुजाता ड्यूटीवरून आली, पडदे ओढले, कानात बोळे घातले आणि मेल्यासारखी झोपली. अकरा वाजता बेल. पुन्हा बेल. मग दारावर थापा. आग लागली की काय म्हणून ती अनवाणी खाली धावली. दारात डॅरन, टोपी हातात.

‘सॉरी लव्ह. यादीच्या कागदावर चहा सांडलाय, वाचता येईना. तुम्ही आज झोपल्या आहात का, एवढंच विचारायचं होतं.’

*

राणे आणि जगताप. क्रॉयडनच्या ट्रामलाइनपलीकडे जुन्या घरांची रांग आहे, तिथे दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. दोघे बरोबर ह्या देशात आले, बरोबर पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात लागले आणि ठरवून शेजारी शेजारी घरं घेतली. बायकांची मैत्री, पोरं एकाच्या घरी जेवून दुसऱ्याच्या घरी झोपायची.

मग राण्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि लग्नाची पत्रिका जगतापांना पोस्टाने आली.

‘शेजारच्या घरी! पोस्टाने!’ जगताप मला सांगत होते तेव्हा त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती आणि आवाज अजून कापत होता. ‘जन्मभर आम्ही दुसऱ्यांची पत्रं वाटेला लावली. ह्याला दहा पावलं चालून हातात अक्षता देता येईनात?’

राण्यांचं म्हणणं, पत्रिका मुलीने कुठल्याशा कंपनीकडून परस्पर पाठवल्या, मला पत्ताच नव्हता. पण हे ते जगतापांना सोडून सगळ्या क्रॉयडनला सांगत होते. जगताप लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मधल्या काळात जगतापांची बायको, मंदावहिनी, गेली. राणे फ्युनरलला मागच्या रांगेत उभे राहिले आणि न भेटता परतले.

आता राण्यांची तीच मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन मुलांना घेऊन परत येणार होती. तिच्यासाठी लॉफ्टमध्ये खोली काढायची, म्हणून जगतापांना नोटीस. पुन्हा पोस्टाने, रेकॉर्डेड डिलिव्हरीने.

जगतापांनी मला फोन केला. ‘असहमत लिहा.’

‘कशाशी असहमत, काका? बीमशी, की भिंत वर चढवण्याशी?’

‘त्याच्याशी.’

मी त्यांची सर्व्हेयर. राण्यांनी कॉलिन नावाचा दुसरा नेमला. मग पत्रं सुरू. जगताप म्हणाले, बीम माझ्या अर्ध्या भिंतीत येता कामा नये. राणे म्हणाले, भिंतीची जाडी मोजून द्या. जगताप म्हणाले, मोजताना मी हजर राहणार. राणे म्हणाले, मग मीही राहणार. कॉलिन मला खासगीत म्हणाला, ‘ह्या नोकरीपेक्षा मी मासे धरायला हवे होते.’

ठरल्या दिवशी मी जगतापांच्या घरी गेले, कॉलिन राण्यांच्या. लॉफ्टला आपापल्या जिन्याच्या वरून शिडी. माझे गुडघे असे, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे जगताप माझ्या मागोमाग चढत होते. नका म्हटलं तर ऐकेनात.

वर अंधार. खोकी, जुनी गादी, मुलांचा पाळणा, मधोमध विटांची चिमणी. मी वाकून खोक्यांच्या फटीतून चिमणीमागे गेले आणि भिंत शोधायला टॉर्च मारला. तर समोरून दुसरा टॉर्च माझ्या डोळ्यांत.

‘मॉर्निंग,’ कॉलिन म्हणाला.

मध्ये भिंतच नव्हती! जुन्या घरांत कधी कधी असतं असं. बांधणाऱ्याने विटा वाचवल्या, भिंत छताशीच थांबवली, वरचा माळा रांगेतल्या घरांचा एकच. ज्या भिंतीच्या जाडीवरून नऊ आठवडे पत्रापत्री चालली होती, ती तिथे मुळी नव्हतीच.

कॉलिनच्या मागे राण्यांचं डोकं वर आलं. माझ्या मागे जगताप उभे. चौघे वाकून उभे. कोणाचा तरी टॉर्च हळूहळू फिरत राण्यांच्या बाजूला गेला आणि एका निळ्या सुटकेसवर थांबला. सुटकेसवर प्लास्टिक घातलेलं, कडेने दोरी बांधलेली.

‘ती माझी आहे,’ जगताप म्हणाले. नऊ वर्षांनी राण्यांना उद्देशून पहिलं वाक्य.

‘माहितेय,’ राणे म्हणाले. ‘मंदावहिनींची. नाव आहे वर.’

‘तुझ्या बाजूला कशी?’

‘त्यांनीच सरकवली असेल कधी. मी हलवली नाही.’

जगतापांनी वर छपराकडे बघितलं. मग म्हणाले, ‘गळतं का तिथे?’

‘गळायचं. म्हणून प्लास्टिक घातलं. दर हिवाळ्याआधी बदलतो.’

कॉलिनने माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, ‘काही प्रॉब्लेम आहे का?’

‘नाही. सामानाची यादी चाललीय,’ मी म्हटलं.

भिंत नाही हे राण्यांना माहीत होतं आणि तरी जाडी मोजायला लावली, हे शिडी उतरताना माझ्या लक्षात आलं. त्यानंतर जगतापांची एकही हरकत आली नाही. कागदपत्रं आठवड्यात झाली. सुटकेस शिडीवरून खाली घेतली ती राण्यांनी. आत काय होतं ते मी विचारलं नाही. आता लॉफ्टमध्ये मुलं झोपणार, म्हणजे आगीच्या नियमाप्रमाणे मध्ये भिंत घालणं आलंच. छपरापर्यंत पक्की, विटांची. दोघांनीही सही केली.

भिंतीचं काम निघालं त्या शुक्रवारी दुपारी बिल्डरचा, मारेकचा फोन आला. पोलिश माणूस, कमी बोलणारा.

‘मॅडम, भिंत कमरेइतकी आलीय. जेवून वर आलो तर दोन्ही म्हातारे बसलेत.’

‘कुठे बसलेत?’

‘लॉफ्टमध्ये. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. खुर्च्या आणल्यात. कशा आणल्या देव जाणे. माझ्या ओल्या विटांवर थर्मास ठेवलाय.’

‘भांडतायत का?’

‘नाही.’

‘मग बोलतायत?’

‘तेही नाही. नुसते बसलेत. एक कप भरतो, पलीकडे देतो. माझं कालवलेलं सिमेंट घट्ट व्हायला लागलंय. काय करू?’

मी घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते. टेबलावर फाइली पडल्या होत्या, मान दुखत होती.

‘आज घरी जा, मारेक. सोमवारी लाव बाकीच्या विटा.’

त्याने फोन ठेवला नाही.

‘आणि सोमवारीही बसले तर?’